शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आवाज तिसऱ्याचा: स्क्वीझ आणि 'ईस्ट साइड स्टोरी'

पार्श्वभूमी

ही गोष्ट स्क्वीझ या ब्रिटिश रॉक बँडची आणि 'ईस्ट साइड स्टोरी' या त्यांच्या 1981 च्या अल्बमची. 1973 साली दक्षिण-पूर्व लंडनमधल्या गोळ्या-चॉकलेटच्या एका दुकानाच्या काचेवर क्रिस डिफर्ड नावाच्या पोराने जाहिरात लावली: बँडसाठी गिटारवादक पाहिजे. रेकॉर्ड कंपनीशी करार झालाय, दौरा ठरलाय, अशा थाटाचा मजकूर. ना करार होता, ना दौरा, ना बँड. जाहिरातीला एकच उत्तर आलं, ग्लेन टिलब्रुकचं. तो डिफर्डहून तीनेक वर्षांनी लहान, अजून शाळकरी वयाचा. तिथून 'डिफर्ड-टिलब्रुक' ही जोडी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी डेटफर्ड-ग्रीनिच भागात 'स्क्वीझ' हा बँड उभा राहिला. की-बोर्डवर जूल्स हॉलंड, पुढे ड्रम्सवर गिल्सन लॅव्हिस.

या दोघांची कामाची पद्धत पहिल्यापासून ठरलेली. डिफर्ड गाणं पूर्ण लिहायचा आणि कागद टिलब्रुकच्या हाती द्यायचा. टिलब्रुक एकटा बसून चाल लावायचा. एका खोलीत समोरासमोर बसून ओळ-ओळ जुळवणं जवळजवळ नाहीच. आपल्याकडे भावगीतात ही पद्धत नवी नाही, शब्द आधी आणि चाल मागून. पण रॉक बँडमध्ये बहुतेकदा गिटारवर काहीतरी वाजवत-गुणगुणत गाणं सापडतं आणि शब्द मागून कोंबले जातात. स्क्वीझचं उलटं होतं, आणि त्यांच्या गाण्यांत जे वेगळेपण ऐकू येतं त्यातलं बरंचसं इथून येतं. डिफर्ड गोष्ट लिहायचा. गोष्टीला पात्रं, जागा, सुरुवात, शेवट असायचा, धृपद असेलच असं नाही. 'अप द जंक्शन' या गाण्यात धृपदच नाही. मुलगी भेटते, भाड्याची खोली, नोकरी, मूल, दारू, ताटातूट, आणि शीर्षकातले शब्द अगदी शेवटच्या ओळीत येतात. असं लांबलचक, परत न फिरणारं काव्य चालीत बसवायचं तर संगीतकाराला दर दोन-चार ओळींनी नवी वाट शोधावी लागते. टिलब्रुकच्या चालीत अनपेक्षित स्वर आणि अवघड वळणं येतात ती शब्दांच्या या अडवणुकीमुळे, असं माझं मत आहे.

आवाजांचीही वाटणी होती. टिलब्रुकचा आवाज उंच आणि मोकळा, डिफर्डचा खर्जातला, जरा घोगरा. अनेक गाण्यांत दोघं एकच चाल एका सप्तकाच्या अंतराने म्हणतात. ही त्यांची खूणच.

अडचण

1979 मध्ये 'कूल फॉर कॅट्स' आणि 'अप द जंक्शन' ही दोन गाणी ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. पण ज्या अल्बममध्ये ती होती तो 45 च्या वर सरकला नाही. 1980 च्या 'आर्गीबार्गी'ला 32 वा क्रमांक मिळाला. त्यातलं 'अनदर नेल इन माय हार्ट' 17 पर्यंत गेलं. 'पुलिंग मसल्स' आज बँडच्या उत्तम गाण्यांत गणलं जातं, तेव्हा मात्र ते 44 वर अडकलं. म्हणजे लोक सुटी गाणी विकत घेत होते, अल्बम मात्र उचलत नव्हते. गंमतीशीर, लंडनच्या बोलीतली चटपटीत गाणी करणारी पोरं, ही ओळख पक्की होत चालली होती. अमेरिकेत 'आर्गीबार्गी' 71 वर थांबला.

त्यातच दोन माणसं दुरावली. जूल्स हॉलंडने 1980 मध्ये स्वतःचा बँड काढला. पुढे तो टीव्हीवरचा नामांकित सूत्रसंचालक झाला, पण तो भाग इथे नको. आणि जुना व्यवस्थापक माइल्स कोपलंड याच्याशी बँडचं फाटलं. नवीन व्यवस्थापक जेक रिव्हिएरा. गायक-गीतकार एल्व्हिस कॉस्टेलोचं कामही तोच बघत होता, आणि पुढच्या गोष्टी त्या ओळखीतून घडल्या.

हॉलंडच्या जागी पॉल कॅरक आला. तो नवखा नव्हता. 1974 मध्ये 'एस' या बँडसाठी त्याने लिहिलेलं आणि गायलेलं 'हाउ लाँग' पुढच्या वर्षी अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेलं होतं. ऐकायला ते फसवणाऱ्या प्रेयसीवरचं गाणं वाटतं, प्रत्यक्षात ते चोरून दुसऱ्या बँडबरोबर वाजवणाऱ्या सहकाऱ्याबद्दल आहे. हे लक्षात ठेवा, पुढे हसू येईल. कॅरकचा गळा थेट सोल संगीतातला, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावनेने ओथंबलेल्या गायकीतला. म्हणजे की-बोर्डवाला शोधायला गेलेल्या बँडच्या हाती तिसरा गायक लागला, आणि तोही कदाचित तिघांत सर्वात तयार.

समोरचे पर्याय

पुढच्या अल्बमची, म्हणजे 'ईस्ट साइड स्टोरी'ची, पहिली योजना भव्य होती. दोन तबकड्यांचा दुहेरी अल्बम, चार बाजू आणि प्रत्येक बाजूला वेगळा निर्माता, म्हणजे ध्वनिमुद्रणाची सूत्रं सांभाळणारा माणूस: डेव्ह एडमंड्स, निक लो, एल्व्हिस कॉस्टेलो आणि बीटल्समधला पॉल मॅकार्टनी. या विचारामागे एक तर्क आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. बँडवर 'एकाच साच्यातला' असा शिक्का बसत असेल, तर चार हातांतून गेलेलं काम तो शिक्का पुसेल. शिवाय डिफर्ड-टिलब्रुक जोडीला सतत बीटल्सच्या लेनन-मॅकार्टनी या गीतकार जोडीशी जोडलं जात होतं, तेव्हा त्यातल्या एकाचंच नाव अल्बमवर आलं तर काय हवं!

पण याच तर्कात खोट होती. चार निर्माते म्हणजे चार कॅलेंडरं, चार स्टुडिओ, चार प्रकारचे ड्रम्सचे आवाज. ज्या बँडचा अल्बम लोक सलग ऐकत नाहीत, त्याने अल्बमचेच चार तुकडे करायचे?

दुसरा पर्याय म्हणजे आहे तेच पुढे चालू ठेवणं. आधीचे दोन अल्बम ज्या पद्धतीने झाले तशीच तिसऱ्यांदा घडी घालायची. सुरक्षित, पण त्याच जागी थांबवणारा.

तिसरा पर्याय असा की एकाच बाहेरच्या माणसाला सगळी सूत्रं द्यायची. याचा स्क्वीझला आधीचा अनुभव बरा नव्हता. 1978 च्या पहिल्या अल्बमसाठी निर्माता म्हणून जॉन केलला घेतलं होतं. त्याने बँडची आधीची गाणी बाजूला सारायला लावून नवी लिहून घेतली. त्या अल्बममधलं गाजलेलं गाणं, 'टेक मी आय एम युवर्स', बँडने स्वतःच्या देखरेखीखाली केलं होतं. अशा पार्श्वभूमीवर पुन्हा बाहेरच्यावर विसंबायला मन धजत नसणार.

प्रत्यक्षात निवड अर्धी माणसांनी आणि अर्धी परिस्थितीने केली. लो आणि मॅकार्टनी यांचं जमलं नाही. एडमंड्सच्या हातचं एकच गाणं अंतिम अल्बमात उरलं, अगदी पहिलं, 'इन क्विंटेसन्स'. बाकी तेरा गाणी कॉस्टेलो आणि ध्वनिमुद्रणातला त्याचा जोडीदार रॉजर बेशिरियन यांनी मिळून केली. दुहेरी अल्बम एकेरी झाला. योजना फसली म्हणून अल्बम वाचला, असं मला वाटतं. पण चार निर्मात्यांच्या कल्पनेतली एक गोष्ट टिकून राहिली: गाण्यागणिक बाज बदलायची मुभा. कॉस्टेलोने ती काढून घेतली नाही.

निर्णयाच्या जागा

*कॉस्टेलोच का चालला?* तो स्वतः गीतकार होता आणि शब्दांना धार कुठे लावायची हे जाणत होता. वयाने डिफर्डच्याच बरोबरीचा, त्याच पिढीतला. 'ट्रस्ट' या त्याच्या जानेवारी 1981 च्या अल्बमात टिलब्रुक एका गाण्यात त्याच्यासोबत गायला होता आणि स्क्वीझ त्याच्याबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावरही होते. केलसारखा वरून हुकूम सोडणारा बुजुर्ग इथे नव्हता, शेजारच्या दुकानातला कारागीर होता. तयार मालाबद्दल त्याला आदर होता.

*'टेम्प्टेड' कोणी गायचं?* हा या प्रकरणाचा गाभा. डिफर्डने हे शब्द हीथ्रो विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्सीत लिहिले. सुरुवात चक्क सामानाच्या यादीने होते: दात घासायचा ब्रश, पेस्ट, तोंड पुसायचा कपडा, पायजमा, केसांचा ब्रश. मग खिडकीतून दिसणारं गाव. आणि मग हळूहळू कळतं की हा माणूस मोहाला बळी पडलाय आणि घर मागे सुटलंय. भावनेचं एकही मोठं वाक्य न उच्चारता त्याने नात्याची पडझड बॅग भरण्यातून दाखवली.

बँडचा रिवाज पाहता टिलब्रुक गाणार हे उघड होतं. चाल त्याची, मुख्य गायक तो. गाणं कॅरकला द्यावं ही सूचना निर्मात्यांकडून आली. टिलब्रुकच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सात वर्षं तुम्ही बँडचा आवाज आहात, ऐन कारकिर्दीच्या वळणावर तुमची उत्तम चाल काल आलेल्या माणसाला द्यायची. त्याने दिली. मांडणी सोलकडे झुकवली गेली, कॅरकचा ऑर्गन खालून भरून राहिला, आणि दुसऱ्या कडव्यात कॉस्टेलो आणि टिलब्रुक आळीपाळीने ओळी घेतात. म्हणजे निर्माताही गातोय, संगीतकारही गातोय, पण गाण्याचा मालक तिसराच.

मला हा निर्णय बरोबर वाटतो, आणि त्याचं कारण केवळ कॅरकचा चांगला गळा नव्हे. टिलब्रुकच्या आवाजात एक उजळपणा आहे, तो दुःखही ताज्या चेहऱ्याने गातो. या गाण्यातला माणूस थकलेला, थोडा ओशाळलेला हवा होता. शिवाय शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची असं असताना गायक बहुधा त्या दोघांपैकीच एक असे, त्यामुळे गाण्यात त्यांची आपापसातली ओढाताणही ऐकू यायची. तिसरा माणूस आल्यावर ती ओढाताण संपली, फक्त गाणं उरलं. जोडीने केलेल्या कामाला बाहेरचा आवाज मिळाला की ते काम जोडीपासून सुटं होतं. पण त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

*'लेबल्ड विथ लव्ह'सारखं गाणं ठेवायचं का?* 1981 चा लंडनचा न्यू वेव्ह, म्हणजे पंकनंतरच्या नव्या लाटेतला बँड आणि अल्बममध्ये चक्क कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण ढंगाच्या संगीताचं गाणं! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भेटलेल्या अमेरिकन वैमानिकाशी लग्न करून टेक्ससला राहिलेली बाई, नवरा दारूत जातो, ती इंग्लंडला परतते आणि बाटलीच्या सोबतीने म्हातारी होते. डिफर्डच्या कथनाचा हा कळस. पंचविशी ओलांडलेल्या पोराने वृद्ध बाईचं सगळं आयुष्य काही कडव्यांत बसवलं, आणि टिलब्रुकने त्यावर अशी सोपी, लोकगीतासारखी चाल लावली की पबमधले लोक ती लगेच एकत्र म्हणू लागले. कॉस्टेलोचा कंट्रीकडे ओढा होताच. त्याच वर्षी तो नॅशव्हिलला जाऊन कंट्री गाण्यांचा अख्खा अल्बम करून आला. दुसरा कुणी निर्माता असता तर हे गाणं 'आपल्या प्रतिमेत बसत नाही' म्हणून बाजूला पडलं असतं, ही शक्यता दाट होती.

बाकी गाण्यांबद्दल थोडक्यात. 'इज दॅट लव्ह' वेगवान आणि छोटं, त्यात साबणाशेजारी काढून ठेवलेल्या अंगठीवरून संसाराचं बिनसणं कळतं. 'समवन एल्सेस हार्ट' डिफर्ड स्वतः गातो. 'व्हॅनिटी फेअर'ला वाद्यवृंदाची साथ आहे, 'मेस्ड अराउंड' जुन्या रॉकाबिलीचं, म्हणजे रॉक आणि कंट्रीच्या सुरुवातीच्या मिश्रणाचं. 'एफ-होल' मला आजही फारसं पटत नाही, चौदा गाण्यांत एखाद-दुसरं भरीचं निघणारच.

परिणाम

मे 1981 मध्ये ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीने 'ईस्ट साइड स्टोरी' बाजारात आणला. ब्रिटनमध्ये 19 वा क्रमांक, तोवरचा बँडचा सर्वात वरचा. अमेरिकेत 44. 'इज दॅट लव्ह' 35 वर गेलं. 'टेम्प्टेड' ब्रिटनमध्ये 41 वर अडलं, म्हणजे पहिल्या चाळिसातही नाही. अमेरिकेत ते 49 वर गेलं, पण तिथल्या रेडिओने ते सोडलं नाही आणि वर्षानुवर्षं वाजवत राहिले. आणि जे गाणं कोणत्याच खणात बसत नव्हतं, ते 'लेबल्ड विथ लव्ह', ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर पोचलं. दोन वर्षांनी त्याच नावाचं संगीत-नाटक डेटफर्डच्या आल्बनी एम्पायरमध्ये रंगमंचावर आलं.

समीक्षकांनी अल्बम डोक्यावर घेतला, लेनन-मॅकार्टनीचे वारसदार ही उपमा आता सगळीकडे चिकटली. अल्बमची अडचण सुटली होती.

नवी मात्र लगेच उभी राहिली. कॅरक या एकाच अल्बमनंतर बाहेर पडला आणि निक लोच्या मंडळींत सामील झाला. सहकाऱ्याने दुसरीकडे वाजवलं म्हणून गाणं लिहिणाराच तो. अमेरिकेत ज्या गाण्याने स्क्वीझला ओळखू लागले त्याचा आवाज आता बँडमध्ये नव्हता. दौऱ्यावर लोक 'टेम्प्टेड' मागणार आणि टिलब्रुक ते गाणार. तो छानच गायचा, पण लोकांच्या कानात दुसरा गळा बसलेला.

1982 मध्ये 'स्वीट्स फ्रॉम अ स्ट्रेंजर' आला. आकडे पाहिले तर सगळं ठीक दिसतं: ब्रिटनमध्ये 20, अमेरिकेत 32, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कार्यक्रम. पण त्या अल्बममध्ये दमणूक ऐकू येते. त्याच वर्षी बँड मोडला.

जोडी मात्र मोडली नाही. 1984 मध्ये दोघांनी आपल्याच नावाने अल्बम केला आणि 1985 मध्ये हॉलंडसह स्क्वीझ पुन्हा जमले. 1987 चं 'अवरग्लास' अमेरिकेत 15 वर गेलं. 1999 मध्ये डिफर्ड निघून गेला, 2007 मध्ये परत आला. 2008 मध्ये दोघांना ब्रिटिश संगीतातल्या योगदानासाठी आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मिळाला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा विश्रांतीचा. 1978 ते 1982 या पाच वर्षांत पाच अल्बम, आणि मध्ये सतत अमेरिकेचे दौरे. 'ईस्ट साइड स्टोरी' नंतर वर्षभर थांबले असते तर? त्या काळच्या कंपन्या थांबू देत नसत हे खरं, पण चौथ्या क्रमांकाचं गाणं हातात असताना बँडची बाजू जरा तरी वजनदार होती. तो जोर त्यांनी वापरला नाही.

दुसरा मुद्दा कॅरकचा. त्याला एक मोठं गाणं दिलं, पण गाणी लिहिण्याच्या कामात वाटा नव्हता. सगळ्या गाण्यांवर दोघांचीच नावं होती. स्वतः हिट गाणं लिहिलेल्या माणसाने भाड्याच्या गळ्यासारखं किती दिवस राहायचं? त्याच्यासाठी अल्बममागे दोन-तीन गाणी राखून ठेवली असती, किंवा एखादं त्याच्यासोबत लिहिलं असतं, तर तो टिकला असता असं खात्रीने म्हणता येत नाही. पण सोडून जाणं इतकं सोपं झालं नसतं. उलट बाजूही आहे: तिसरा लेखक आला की डिफर्ड-टिलब्रुक या वाटणीची साधी शिस्त बिघडली असती. माझा कल तरीही कॅरकला धरून ठेवण्याकडे.

तिसरा मुद्दा नाजूक आहे. कागद देणं आणि चाल ऐकवणं यावर चालणारी पद्धत गाण्यांसाठी उत्तम होती, कारण दोघांना एकमेकांच्या कामात हात घालायची वेळच येत नसे. पण बँड म्हणजे फक्त गाणी नव्हेत. कोणाला घ्यायचं, कधी थांबायचं, दौरा किती लांबवायचा, पैसे, दारू, घर, हे सगळं बोलावं लागतं. हे दोघं फारसं बोलत नसत, हे त्यांनी स्वतःच मुलाखतींतून मान्य केलंय. स्टुडिओत ही पोकळी कॉस्टेलोने भरली: तो मध्यस्थ होता, कोण गाणार हे त्याने सुचवलं आणि कोणाचा अपमान झाला नाही. पुढच्या अल्बमला तो निर्माता नव्हता. एका गाण्यात मागच्या आवाजासाठी आला आणि गेला. माझ्या मते 1981 नंतरची सर्वात महागात पडलेली गोष्ट कॅरकचं जाणं नव्हे, ही मध्यस्थाची रिकामी खुर्ची.

कॅरक 1993 मध्ये 'सम फँटॅस्टिक प्लेस' या अल्बमसाठी परत आला, की-बोर्डवर आणि गायक म्हणूनही. तेव्हाही मुक्काम फार लांबला नाही.